भूमीत मिसळणारे घर आणि गावकुसाबाहेरची भूमी

घर बांधलेले वाटू नये, त्या जागी उगवलेले वाटावे, असे एक मत सध्या सुशिक्षित वर्गात रूढ होत आहे. उतार न फोडता, झाड न तोडता, जवळची माती व दगड घेऊन, ऊन-वाऱ्याची दिशा पाहून बांधलेले कुटुंबाचे घर. दुरून पाहिले तर परिसरात मिसळून गेलेले. ह्या मताला विरोध करण्यासाठी मी हे लिहीत नाही. मे महिन्यातली दुपार ज्याने मराठवाड्यात पत्र्याखाली काढली आहे, त्याला घराच्या उष्णतेवर कोणी व्याख्यान देण्याची गरज नाही. सिमेंट आणि लोखंड तयार करताना किती कोळसा जळतो हेही आता पाठ्यपुस्तकात आले आहे. परंतु 'मिसळणे' हा शब्द ज्या निष्पापपणे वापरला जातो, त्या निष्पापपणाबद्दल मला बोलायचे आहे. कारण मिसळायचे कशात, आणि त्या 'परिसरा'ची आखणी अगोदर कोणी करून ठेवली आहे, हा प्रश्न ह्या चर्चेत कोठेच येत नाही.

आमच्या घरात हा विषय गेल्या उन्हाळ्यात आला. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी, वस्तीतील जुन्या जागेवर आई-वडिलांसाठी घर बांधायचे ठरले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि पगारावर कर्ज मिळू शकेल असाही पहिलाच. महाविद्यालयातील एका सहकाऱ्याचे स्नेही वास्तुविशारद आहेत. ते आपण होऊन जागा पाहायला आले, हे त्यांच्या सद्‌भावनेचेच लक्षण. त्यांनी कागद काढला: मातीच्या जाड भिंती, बसके कौलारू छप्पर, पुढे सारवलेले अंगण, बाभळ आहे तेथेच. चित्र सुंदर होते. मायने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मातीतच जलम गेला माझा. आता तू मास्तर झालास तरी मला मातीतच ठिवतूस का?"

वास्तुविशारद हसले. मायला कळले नाही असे त्यांना वाटले असावे. मला मात्र वाटले, की त्या कागदावरचे पहिले समीक्षण झाले.

जाताना त्यांनी मला एका घराची छायाचित्रे दाखवली. ते घर म्हणजे केरळात तिरुवनंतपुरमच्या नालांचिरा भागातील 'हॅम्लेट', लॉरी बेकर ह्यांचे स्वतःचे राहते घर. त्यानंतर मी बेकरांविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि हा माणूस सहज बाजूला सारण्यासारखा नाही हे लक्षात आले. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेला हा क्वेकर वास्तुविशारद १९४५ साली कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनबरोबर भारतात आला. डॉ. एलिझाबेथ ह्यांच्याशी १९४८ साली विवाह केला. पुढे दोघांनी हिमालयात पिथोरागढला सुमारे सोळा वर्षे दवाखाना चालवला. तेथील लोकांची घरे पाहून, आपण परदेशात शिकलेले पुष्कळसे येथे निरुपयोगी आहे, असे त्याला वाटू लागले. नंतर केरळ, आणि २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत केरळच.

'हॅम्लेट' खडकाळ उतारावर आहे. बेकरांनी उतार सपाट केला नाही. खोल्याच वरखाली केल्या. पाडलेल्या जुन्या घरांची दारे-खिडक्या विकत आणून बसवल्या. भिंतीत रंगीत बाटल्यांच्या काचा घालून उजेड घेतला. विटेला गिलावा नाही. कुटुंबाच्या गरजेप्रमाणे घर वाढत गेले. हे सर्व रम्य आहे, पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यामागचे गणित. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावली तर नऊ इंच जाडीच्या भिंतीत पोकळी राहते. विटा साधारण एक चतुर्थांश वाचतात आणि ती पोकळी ऊन अडवते. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातील काँक्रीट ताण पेलत नाही, ताण सळई पेलते. मग तेथे काँक्रीट कशाला? त्या जागी मंगलोरी कौले बसवली तर सिमेंट वाचते आणि छप्परही कमी तापते. खिडकीची चौकट महाग, म्हणून विटांमध्येच भोके ठेवून जाळी करावी. लिंटेलऐवजी कमान. ठेकेदार नको, गवंड्याजवळ उभे राहून काम. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर ते नकाशे काढीत. ह्यात अध्यात्म नाही. विटेपासून विटेपर्यंत केलेला हिशोब आहे, आणि ज्याच्या खिशात पैसे मोजके आहेत त्याच्याच तो कामाचा आहे.

मग माझी तक्रार कोठे आहे?

बेकरांनी वारंवार सांगितले आहे, की १९४०च्या दशकात मुंबईत त्यांची गांधींशी भेट झाली आणि घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे हे सूत्र त्यांनी तेथून घेतले. हे सूत्र मूळचे वर्ध्याजवळच्या शेगावचे आहे. तेथे गांधी १९३६ साली राहायला गेले आणि १९४०मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. आपली झोपडी शंभर रुपयांच्या आत व्हावी अशी त्यांची अट होती. बापूकुटी पाहून आलेले लोक तिच्या साधेपणाने भारावतात, आणि ती वास्तू खरोखरच नेटकी आहे. पण त्याच गावात दलितांची मोठी वस्ती होती आणि तिच्या भिंतीही मातीच्याच होत्या. एका मातीच्या भिंतीला तीर्थाचे रूप आले. दुसरीला 'कच्चे घर' असा शिक्का बसला आणि सरकारी पाहणीच्या तक्त्यात ती उणिवांच्या रकान्यात गेली. माती एकच होती. एका घरमालकाजवळ दुसरी वाट होती आणि त्याने ती सोडली. दुसऱ्याजवळ वाटच नव्हती. साधेपणाचे सौंदर्य त्या सोडून दिलेल्या वाटेतून निर्माण होते. ज्याने काही सोडलेलेच नाही, त्याच्या भिंतीत ते कोणाला दिसत नाही.

तरीही हा भेद येथेच संपवला तर आपण फार सोपे उत्तर काढले असे होईल. निवडलेली माती चांगली आणि लादलेली माती वाईट, एवढेच म्हणून भागत नाही. ज्या भूमीत घर मिसळायचे, तिच्याकडे पाहिले पाहिजे.

केरळचेच घ्या. विल्यम लोगन ह्यांच्या १८८७ सालच्या मलबार मॅन्युअलमध्ये घरांच्या नावांची यादी आहे. नंबुद्रीचे घर 'इल्लम', त्यांच्यातील वरच्या दर्जाच्याचे 'मना', राजाचे 'कोविलकम', नायराचे 'वीडु'. सोनार, लोहार, विणकर, ताडी काढणारा ह्यांचे 'पुरा' किंवा 'कुडी'. शेतावर गुलाम म्हणून राबणाऱ्याचे 'चाळा', आणि परयाचे 'चेरी'. घर हा सामान्य शब्दच त्या व्यवस्थेत नव्हता. घराचे नाव उच्चारताच जात उच्चारली जाई. आणि केवळ नावच नाही. त्रावणकोरात खालच्या मानलेल्या जातींना कौलारू छप्पर घालण्यास आणि मजला चढवण्यास मज्जाव होता. म्हणजे पुलयाची झोपडी नारळीच्या झापांत, चिखलात, भाताच्या खाचरात इतकी मिसळून गेली होती की दुरून ती दिसतच नसे. ती दिसू नये अशीच आज्ञा होती. 'परिसराशी एकरूप' ह्या मूल्याची सर्वांत कडक अंमलबजावणी ह्या देशात जातिव्यवस्थेने केली आहे, हे कोणत्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकात मला वाचायला मिळाले नाही.

'हॅम्लेट'च्या कौलांकडे आणि जुन्या घरांतून आलेल्या दारांकडे मी ह्या नजरेने पाहतो. ते दार सुंदरच असेल. पण अशा दारापासून किती पावलांवर कोणी थांबावे ह्याचे मोजमाप त्या प्रदेशात ठरलेले होते, आणि ते आठवणारी माणसे बेकर केरळात आले तेव्हा हयात होती. बेकरांचे घर उतार वाचते, पाऊस वाचते, वारा वाचते. हा इतिहास ते वाचत नाही. हा त्यांच्यावर आरोप नाही. दगड जसा समोर दिसतो तसा हा इतिहास दिसत नाही, एवढेच. मात्र जे समीक्षक 'जागेचे ऐकणारे घर' असे त्याचे वर्णन करतात, त्यांनी जागा काय काय बोलते हे पुरते ऐकलेले नाही.

पुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. केरळात १ जानेवारी १९७० पासून जमीनसुधारणा अमलात आली. झोपडीत राहणाऱ्या कुळांना झोपडीखालची जमीन मिळाली: खेड्यात दहा सेंट, नगरपालिकेत पाच, महानगरपालिकेत तीन. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. शेतजमीन ज्यांनी कसायला घेतली होती त्या कुळांकडे गेली; शेतावर मजूर म्हणून राबणाऱ्या दलिताच्या वाट्याला प्रामुख्याने झोपडीची जागा आली. १९७२ साली 'लक्षम वीडु' म्हणजे लाख घरांची योजना आली. जोडघरे, दोन कुटुंबांमध्ये एकच भिंत, एका ओळीत, आणि त्या ओळीला नाव 'कॉलनी'. आता ह्या माणसाला उतार न फोडता घर बांध असे सांगायचे, तर त्याच्याजवळ उतार कोठे आहे? झाड राखायचे तर शेजाऱ्याच्या भिंतीत मूळ जाते. २००७ मध्ये चेंगरा येथे दलित आणि आदिवासी कुटुंबे रबराच्या मळ्यात तंबू ठोकून बसली ती शेतजमिनीसाठी.

ह्याच काळात बेकरांनी तिरुवनंतपुरमजवळ पून्तुरा येथे कोळ्यांसाठी घरे बांधली. ती त्यांनी ओळीत ठेवली नाहीत. मागेपुढे सरकवली, म्हणजे प्रत्येक घराला समुद्राचा वारा मिळेल आणि दारात जाळे वाळवायला जागा राहील. माझ्या मते ही घरे 'हॅम्लेट'पेक्षा मोठी कामगिरी आहे, जरी छायाचित्रे नेहमी 'हॅम्लेट'चीच छापली जातात. येथे 'परिसर' म्हणजे देखावा नव्हता. कोणाच्या अंगाला वारा लागणार आणि कोणाच्या नाही, हे येथे नकाशावर ठरत होते.

आता आमच्या भूमीकडे येतो. आमच्याकडे गावाची जमीन दोन शब्दांत सांगतात: पांढरी आणि काळी. पांढरीवर गाव वसते, काळीत पीक येते. हे नुसते रंग नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत दोन-तीन वर्षांत तडकते. म्हणून शहाण्या पूर्वजांनी गाव पांढरीच्या उंचवट्यावर वसवले, असे आमच्या भागात अभिमानाने सांगतात. आमची वस्ती मात्र त्या उंचवट्याच्या खाली, ओढ्याच्या अंगाला, काळीच्या काठावर आहे. गावाचे सांडपाणी उतरून आमच्याकडे येते. गावकुसाबाहेर राहण्याची आज्ञा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. ती आज्ञा मातीच्या प्रकारातूनही अमलात आली, हे मला घर बांधायला काढल्यावर कळले. पाया खणला तेव्हा पाच फुटांपर्यंत काळी माती निघाली. गवंडी म्हणाला, "हितं कोणतीबी भिंत तडकंलच." माय चाळीस वर्षे दर दिवाळीला ज्या भेगा लिंपत होती, त्या तिच्या हाताच्या दोषाने पडत नव्हत्या.

आणि ते लिंपणे. मराठी ललित लेखनात सारवलेल्या अंगणाचा गंध फार आहे. सारवणाऱ्या बाईच्या बोटांना चुन्याने आणि शेणाने पडलेल्या चिरा त्या लेखनात जवळजवळ नाहीत. पांढरी माती आमच्या वस्तीत नव्हती. ती गावातल्या गढीच्या ढासळलेल्या बुरुजाखालून आणावी लागे, आणि त्यासाठी ओळखीच्या घरी दोन दिवस फुकट खुरपावे लागे. मातीच्या घरात ऊर्जा खर्च होत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही ऊर्जा मोजलेली नाही.

मातीच्या बाजूने बोलताना आणखी एक गोष्ट मराठवाड्याला विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मेलेल्यांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. माणसे मेली ती प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली. उन्हाळ्यात थंडावा देणारे, जवळच्या साहित्याचे, पिढ्यांच्या अनुभवाने घडलेले म्हणतात तेच हे घर. तुराट्यांच्या कुडाची, पाचटाच्या छपराची हलकी घरे बरीचशी टिकली. ज्यांना माळवदावर फूट-दोन फूट माती चढवण्याची ऐपत नव्हती त्यांतले कित्येक त्यामुळेच वाचले. परंपरेत शहाणपण असते आणि अज्ञानही असते; कोणते कोठे आहे हे तपासल्याखेरीज कळत नाही. (तो प्रदेश तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. २००२ मध्ये त्याला तिसऱ्या पट्ट्यात घातले.)

त्यानंतर जे पुनर्वसन झाले त्यात पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी हलवली गेली. सरकारजवळ कोरी भूमी होती, जागतिक बँकेचे साहाय्य होते, अभियंते होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गाव नव्याने आखण्याची संधी महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच आली असेल. घराचे आकार ठरवले ते असे: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्याला ७५०. भूकंपात सर्वांचे छप्पर सारखेच पडले होते. नवे छप्पर मात्र सातबारा पाहून मिळाले. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या कुटुंबात माणसे कमी असतात असे नाही. किल्लारीच्या पुनर्वसनावर लिहिणाऱ्यांनी 'सिमेंटची घरे शेतकऱ्याच्या जीवनाशी मिसळली नाहीत, औतफाट्याला आणि जनावरांना जागा नाही' अशी टीका केली आहे आणि ती रास्त आहे. पण २५०, ४००, ७५० ह्या आकड्यांत जुने गाव किती बेमालूम मिसळून गेले होते, त्यावर तेवढ्या आवाजात कोणी बोलले नाही.

आपल्या बाजूचेही थोडे खरे बोलले पाहिजे. स्लॅब हा आपल्या वस्त्यांत स्वाभिमानाचा दाखला झाला आहे. कर्ज काढून स्लॅब टाकायचा, मग वर्षभर हप्ते भरायचे, आणि उन्हाळ्यात त्याच तापलेल्या स्लॅबखाली झोप येत नाही म्हणून रस्त्यावर खाटा टाकायच्या. पाटलाच्या वाड्याची उंची आपण घेतली. त्या वाड्याची दोन हात रुंद भिंत आणि मधला चौक घेतला नाही, कारण तेवढी जागाच नव्हती. ह्याला अडाणी अनुकरण म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मला तसे हसता येत नाही. ज्याच्या आज्याला कौल घालण्याची बंदी होती तो नातू पहिली संधी मिळताच सर्वांत जड, सर्वांत उंच, दुरून दिसणारे छप्पर घालणारच. मात्र बंदीला दिलेले उत्तर म्हणून बांधलेल्या घरात पुढे माणसांना राहायचे असते, म्हाताऱ्यांना दुपार काढायची असते, हेही तेवढेच खरे.

येथे मला 'राजगृह' आठवते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ते बांधले. त्यांच्या मनात घराचे केंद्र ठरलेले होते, ते म्हणजे पुस्तके. वरचा मजला ग्रंथालयासाठी, कुटुंब खाली. घराला नाव दिले मगधाच्या राजधानीचे. कॉलनीचे नाव हिंदू, आणि तिच्यात हे नाव कोरलेले घर. हे घर परिसरात मिसळावे असा त्याचा हेतूच नव्हता. पण ते परिसराकडे पाठ फिरवूनही बसले नाही. ते त्या रस्त्यावर उभे राहिले. वास्तुसमीक्षेच्या पुस्तकांत 'राजगृहा'ची नोंद मला आढळलेली नाही. उतारावरचे घर उताराशी कसे वागते हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न असेल, तर अस्पृश्य मानलेल्या माणसाचे घर सवर्ण रस्त्याशी कसे वागते हा प्रश्न त्या शास्त्राच्या बाहेरचा का मानावा, हे मला कळत नाही.

आमच्या घराचे काम पावसाळ्यापूर्वी जोत्यापर्यंत आले. मातीच्या भिंतीचा कागद मी परत दिला. त्याच वास्तुविशारदांना मी बेकरांची उभी वीट वापरता येईल का असे विचारले, तेव्हा ते मनापासून कामाला लागले. पोकळीतून ठरावीक अंतरावर उभी सळई आणि वर काँक्रीटचा पट्टा द्यायचे ठरले, म्हणजे भूकंपाची भीती कमी. काळी माती काढून मुरूम भरला. त्यात आमच्या अंदाजापेक्षा बरेच पैसे गेले. स्लॅबमध्ये कौले घालायची आहेत. बाभळ राहिली, कारण ती मायलाच हवी होती. जोते मात्र तिने तीन फूट घ्यायला लावले. ओढ्याचे पाणी चढते म्हणून, असे ती म्हणते. आणि गावातून येणाऱ्या रस्त्यावरून घर दिसले पाहिजे, असेही एकदा म्हणाली.

गवंड्याला उभी वीट पटलेली नाही. लोक म्हणतील मास्तराने विटा चोरल्या, असे त्याचे म्हणणे. त्याच्यासमोर भिंतीचा एक तुकडा रचून, त्यावर चार पोती सिमेंट ठेवून दाखवले तेव्हा तो गप्प बसला, पण हसला नाही. बाहेरून गिलावा करायचा की नाही ह्यावर मात्र मायचे आणि माझे अजून जमत नाही. उघडी वीट ऊन-पाऊस सोसते, पैसे वाचतात, हे मी तिला तीनदा सांगितले. तिचे म्हणणे, गिलावा नसलेले घर पाहिले की लोक एकच समजतात, पैसा सरला म्हणून काम राहिले. आणि तिला निळा रंग हवा आहे. पाऊस उघडला की गवंडी परत येणार आहे, तोपर्यंत ठरवायचे आहे.